रस्त्याच्या कडेचं हे नारिंगी फूल कुठलं? (फक्त फुलाचाच फोटो आहे)

पाऊलखूण | शनिवार, रात्री ९:१२
ज्या रस्त्याने नेहमी येजा करतो त्याच्या दोन्ही कडांना गेले पंधरा दिवस नारिंगी फुलं लागली आहेत. एखाददुसरं झाड नाही, चांगला अर्ध्या किलोमीटरचा पट्टा आहे. गेल्या वर्षी ही फुलं इथे नव्हती. निदान मला तरी दिसली नाहीत (गाडी चालवताना मी कडेला बघत नाही हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर अख्खा धागा त्यावरच जाईल). आज शेवटी गाडी बाजूला घेऊन उतरलो.

झाड कमरेएवढं, काही छातीला लागतील अशी. फांद्या बारीक. लांबलचक, बारीक देठाच्या टोकाला एकच फूल, वारा नसतानाही डुलतंय. पाकळ्या आठ, टोकाला बारीक दातेरी. मधे पिवळा गोंडा. फूल दोन इंचांच्या वर भरेल. ॲपमध्ये तीन फोटो टाकले. पहिल्याला झेंडू म्हणालं, दुसऱ्याला कोरिऑप्सिस, तिसऱ्याला टिथोनिया. एकाच फुलाची तीन बारशी झाली. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टाकळा | शनिवार, रात्री ९:३०
सोनकी. पावसानंतर माळावर पिवळं दिसलं की सोनकी.

काडीपैलवान | शनिवार, रात्री ९:३४
सोनकी कमरेएवढी आणि नारिंगी कधीपासून व्हायला लागली?

टाकळा | शनिवार, रात्री ९:३५
चांगलं खतपाणी मिळालं असेल. हलके घ्या.

गच्चीवाली | शनिवार, रात्री १०:०५
अहो हा तर कॉसमॉस! माझ्या कुंड्यांमध्ये दर वर्षी असतो. पिवळा, नारिंगी, लालसर नारिंगी, सगळे रंग येतात. एकदा लावला की परत बी आणायला लागत नाही.

सावलीतला | शनिवार, रात्री १०:२०
पाऊलखूण, फूल तोडलंत का? फोटोत मागे अंधुक दिसतायत ती पानं गाजर गवतासारखी फाटलेली वाटतात. तसं असेल तर हात साबणाने धुवा. माझ्या मामांना त्या गवताने हातभर पुरळ उठलं होतं, दोन महिने गेलं नाही.

पाऊलखूण | शनिवार, रात्री १०:२४
एक तोडलंय. आता हात खाजायला लागले. हे गवतामुळे की तुमच्या प्रतिसादामुळे, कळत नाही.

कुर्डू | रविवार, सकाळी ६:५०
फोटो सुरेख आहे आणि ओळख पटवायला जवळजवळ निरुपयोगी आहे. रागावू नका, दहातले नऊ जण हेच करतात. समोरून, जवळून, मधे माशी बसलेली. ॲप बिचारं काय करणार? सूर्यफुलाच्या कुळात अशी पिवळी-नारिंगी तोंडं शेकड्यांनी आहेत. समोरून सगळी एकमेकांची जुळी भावंडं.

आधी एक गोष्ट. ज्याला तुम्ही फूल म्हणताय ते एक फूल नाही. मधला गोंडा म्हणजे बारक्या नळीसारख्या फुलांची दाटी आणि ‘पाकळी’ म्हणजे कडेचं एकेक अख्खं फूल, एका बाजूने जीभ काढल्यासारखं लांबलेलं. भिंग असेल तर एक पाकळी बुडापासून उपटून बघा. तळाशी बारीक नळी दिसेल. म्हणून या कुळात खरी ओळख फुलाच्या तोंडावर नसते, पाठीवर, पानात आणि बीत असते. मला चार गोष्टी हव्यात:

फूल उलटं करून मागचा भाग, म्हणजे हिरव्या छदांची (फुलाला खालून धरणाऱ्या पानांसारख्या भागांची) टोपली. पानं खोडाला जिथे चिकटतात ती जागा, एकाआड एक आहेत की समोरासमोर. पान चुरगाळल्यावर वास. आणि वाळलेलं बोंड मिळालं तर त्यातली बी. बी मिळाली तर बाकीचं नसलं तरी चालेल.

गाजर गवत नाही, एवढं या फोटोवरूनही सांगतो. त्याचं तोंड पांढरं असतं आणि ज्वारीच्या दाण्याएवढं. पानं फाटलेली असतात हे खरं, पण खोडावर ती एकाआड एक लागतात.

गच्चीवाली, तुमचं नाव बरोबर असू शकेल. कशावरून म्हणता ते सांगा ना.

गच्चीवाली | रविवार, सकाळी ८:१५
कशावरून म्हणजे? रोज पाणी घालते त्याला. शेजारच्या बाईंना ओळखायला आपण त्यांच्या दाराची पाटी वाचतो का?

काडीपैलवान | रविवार, सकाळी ८:२२
+१. या वाक्यासाठी धागा वाचनखुणांत टाकला.

कुर्डू | रविवार, सकाळी ८:४०
मान्य. पण शेजारच्या बाईंना जुळी बहीण असली तर पाटी वाचावी लागते. कॉसमॉसला बहिणी बऱ्याच आहेत.

पाऊलखूण | रविवार, सकाळी ११:००
मंगळवारी त्या बाजूला जाणं आहे, तेव्हा सगळे फोटो काढतो. तोडलेलं फूल गाडीच्या कागदपत्रांच्या फाइलीत दाबून ठेवलंय, टाकू का?

कुर्डू | रविवार, सकाळी ११:०४
अजिबात टाकू नका!!

पाऊलखूण | मंगळवार, संध्याकाळी ७:४५
कळवायला वाईट वाटतं. आज गेलो तर अख्खी कड कापून साफ. गवत कापायचं यंत्र फिरवलंय, रस्त्यापासून दोन मीटरपर्यंत सगळं बोटभर उंचीचं. कापलेलं तिथेच पसरून वाळलंय. पान म्हणावं असं एकही धड नाही, सगळा भुगा. पंधरा मिनिटं हुडकलं. मिळाले ते चारदोन खोडाचे तुकडे आणि माझ्या पँटीच्या दुमडीत, मोज्यांत, बुटाच्या नाडीत रुतलेली ही काळी कुसळं. घरी येऊन एकेक उपटतोय. इतका वैताग की विचारू नका.

कुर्डू | मंगळवार, संध्याकाळी ७:४८
थांबा. कुसळं फेकली नाहीत ना?

पाऊलखूण | मंगळवार, संध्याकाळी ७:५०
अर्धी फेकली. अर्धी बाकी आहेत. का?

कुर्डू | मंगळवार, संध्याकाळी ७:५२
अहो हीच बी! तुम्ही पंधरा मिनिटं हुडकत होतात ती तुमच्या मोज्यात होती. पट्टी घ्या, पांढऱ्या कागदावर एक कुसळ ठेवा आणि मोजा. टोकाशी काय आहे ते नीट बघा.

ओसाडी | मंगळवार, रात्री ८:३०
कुर्डू बीकडे लागलेत तोवर फाइलीत दाबलेल्या फुलाचा एक प्रयोग सांगते. मुलांना शिकवताना करते, घरच्या घरी होतो. धुण्याचा सोडा चमचाभर पाण्यात विरघळवा आणि वाळलेल्या पाकळीवर एक थेंब टाका. हळदीला चुना लागला की ती लाल होते ना, तसलाच प्रकार. कॉसमॉस, कोरिऑप्सिस, बायडेन्स, डेलिया या गोतावळ्यातल्या बऱ्याच पिवळ्या-नारिंगी फुलांत चाल्कोन आणि ऑरोन नावाची रंगद्रव्यं असतात. अल्कली लागली की ती लालभडक होतात. झेंडूचा नारिंगी रंग मुख्यतः कॅरोटिनॉइडचा, गाजराच्या जातकुळीचा. तो असा लाल होत नाही.

यावरून जातीचं नाव मिळणार नाही, पण ॲपने दिलेल्या झेंडूची फाइल बंद करता येईल.

पाऊलखूण | मंगळवार, रात्री ९:२०
सोडा घरात निघाला. पाकळी फाइलीतल्या विम्याच्या कागदाला चिकटली होती, सोडवताना अर्धी तिथेच राहिली. उरलेल्या अर्धीवर थेंब टाकला. श्वास घेईपर्यंत थेंबाच्या कडेने लाल रेघ उमटली, मग आतपर्यंत विटकरी लाल. मुलगी म्हणाली, रक्त आलं. आता ती घरातल्या प्रत्येक फुलावर थेंब टाकत सुटलीय.

बी: सहा मोजल्या. सगळ्यात आखूड १९ मिमी, सगळ्यात लांब २४. गडद तपकिरी, जवळजवळ काळी, किंचित वाकलेली, बोट फिरवलं तर खरखरीत. खालचा भाग जाड आणि वर निमुळती होत गेलेली लांब चोच. चोचीच्या टोकाला दोन बारीक काटे, सापाच्या जिभेसारखे बाजूंना फाकलेले. एका बीला काटेच नाहीत, मोडले असतील.

खोडाच्या एका तुकड्यावर पानांचे व्रण दिसतायत. दोन, समोरासमोर.

कुर्डू | मंगळवार, रात्री १०:१०
पाऊलखूण, तुम्ही पानाचा किंवा पाठीचा एकही फोटो न देता झाड ओळखवलंत. आता एकेक नाव गाळू या.

सोनकी बाद. तिची पानं एकाआड एक लागतात आणि बीला पांढऱ्या रेशमी केसांचा झुबका असतो. तिची बी उडते, मोज्यात घुसत नाही. टाकळा, हलके घ्या.

झेंडू बाद. सोड्याने तो गेलाच, पण खरी खूण पाठीवर असते. झेंडूची हिरवी छदं एकमेकांना चिकटून पेला झालेला असतो आणि त्याच्या पानांवर तेलाचे ठिपके असतात. उजेडाकडे धरलं की दिसतात, वास तिथूनच येतो.

टिथोनिया बाद. त्याची पानं रुंद पंजासारखी, आणि फुलाचा देठ डोक्याखाली पोकळ फुगलेला असतो. तुम्ही देठ बारीक आहे म्हणालात.

आता उरल्या त्या बहिणी. कोरिऑप्सिसची बी चपटी, बरेचदा कडेला पंख असलेली. ढेकणासारखी दिसते, तिच्या नावाचा ग्रीक अर्थच ‘ढेकणासारखं’ असा आहे. ती गेली. बायडेन्सची बी मात्र तुमच्यासारखीच काळी, लांब, टोकाला काट्यांची, आणि कपड्यांना चिकटण्यात कॉसमॉसहून वरचढ. फरक एवढाच की बायडेन्सच्या बीला चोच नसते, काटे थेट अंगावर बसतात. कॉसमॉसची बी वर निमुळती होऊन चोच काढते. तुमच्या कागदावर चोच आहे.

म्हणजे कॉसमॉस. त्यातही गुलाबी-पांढरा, शेपूसारख्या पानांचा तो बायपिनॅटस. नारिंगी आणि जरा रुंद पानांचा तो सल्फ्युरियस. कॉसमॉस सल्फ्युरियस. नाव कावानियेस या स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९१ मध्ये दिलं. सल्फ्युरियस म्हणजे गंधकी पिवळा. मूळ मेक्सिको आणि आसपासचा मुलूख.

पुढच्या वेळी धडधाकट फूल मिळालं तर उलटं करून बघा. बाहेर आठ अरुंद हिरवी छदं, आत आठ रुंद, पिवळसर, पारदर्शक कडेची. दोन वेगवेगळ्या झालरी एकात एक घातल्यासारख्या दिसतात. फार देखणी पाठ आहे, तोंडापेक्षा देखणी.

गच्चीवाली | मंगळवार, रात्री १०:१८
शनिवारी रात्री दहा वाजून पाच मिनिटं.

कुर्डू | मंगळवार, रात्री १०:२१
हो. चूक झाली, ताई. तुम्ही पाटी न वाचता बरोबर दार ठोठावलंत.

गच्चीवाली | मंगळवार, रात्री १०:३०
पण ती उलट्या फुलाची झालर मी आत्ता टॉर्च घेऊन गच्चीत जाऊन बघितली. बारा वर्षं लावतेय, कधी उलटं केलं नव्हतं. आतली झालर खरंच कागदासारखी पारदर्शक आहे. मोजली, आठ.

सावलीतला | बुधवार, सकाळी ७:०५
याला मराठी नाव काय?

ओसाडी | बुधवार, सकाळी ७:४०
बागेतून आलेलं झाड, त्यामुळे सगळे कॉसमॉसच म्हणतात. मुद्दाम संस्कृत नाव चिकटवायची हौस असेल तर हौशी लोक आहेतच. मी कॉसमॉस म्हणते.

पाऊलखूण | बुधवार, सकाळी ९:००
सगळ्यांचे आभार. पण माझा मूळ प्रश्न अर्धा राहिला. गेल्या वर्षी नव्हतं, मग यंदा अर्धा किलोमीटर कुठून आलं? कुणी पेरलं?

कुर्डू | बुधवार, दुपारी १:१५
पेरलं असेलही. शोभेसाठी रस्त्याकडेला कॉसमॉसचं बी टाकतात, स्वस्त आणि हमखास उगवणारं म्हणून. पण कुणी पेरलं नसलं तरी कोडं सुटतं. कुणाच्या तरी बागेतला कचरा, भरावाची माती, आणि मुख्य म्हणजे ज्या यंत्राने तुमची कड कापली तेच यंत्र. बी तयार झाल्यावर कापणी केली की यंत्राच्या पात्यांना, चाकांना चिकटलेली बी पुढच्या गावापर्यंत जाते. कापलेलं तिथेच पसरून वाळलं असं तुम्हीच लिहिलंत. म्हणजे पेरणीच झाली.

आणि गाड्या. बर्लिनजवळ महामार्गाच्या बोगद्यांत बी पकडायचे सापळे लावून केलेला एक अभ्यास २००७ मध्ये छापून आला. बोगद्यात वाऱ्याने बाहेरून फारसं काही येत नाही, म्हणजे मिळालेलं बी गाड्यांनीच आणलेलं. २०४ जाती मिळाल्या, आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपास परक्या.

कड ही जागाच अशी आहे. वर सावली नाही, माती सतत उकरलेली, डांबरावरचं पाणी वाहून तिथेच मुरतं, आणि वर्षातून एकदोनदा कापणी होते म्हणून झुडपं डोकं वर काढत नाहीत. वर्षभरात उगवून, फुलून, बी टाकून मोकळ्या होणाऱ्या झाडाला याहून काय हवं?

ओसाडी | बुधवार, दुपारी २:००
अवांतर, पण सोनकीचा विषय निघालाय म्हणून. सोनकीच्याच प्रजातीतलं एक पिवळं फूल, सेनेसिओ स्क्वालिडस. मूळ सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीच्या उतारांवरचं. ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानात आणलं, तिथून ते गावातल्या भिंतींवर पळालं आणि बरीच वर्षं तिथेच अडकून राहिलं. १८४४ मध्ये ऑक्सफर्डला रेल्वे पोचली. रुळांखालची खडी म्हणजे त्याच्या दृष्टीने लाव्ह्याचाच उतार. गाडीमागच्या वाऱ्याने उडत उडत ते रुळांच्या कडेने देशभर गेलं. बागेपासून गावाच्या भिंती गाठायला चालत गेलं, पुढचा प्रवास रेल्वेने.

टाकळा | बुधवार, दुपारी २:१०
म्हणजे शेवटी सोनकीच्या बहिणीचंच नाव निघालं. मी सुरुवातीपासून म्हणत होतो.

नुसतंच_वाचतो | बुधवार, संध्याकाळी ५:३०
पहिल्यांदाच लिहितोय. एवढं सुंदर फूल, फुलपाखरं येतात, मधमाश्या येतात, बिनपाण्याचं वाढतं. मग सगळ्यांनीच मूठमूठ बी उघड्या माळावर टाकायला काय हरकत आहे?

कुर्डू | बुधवार, संध्याकाळी ५:५०
हरकत आहे. कुंडीत लावा, अंगणात लावा, बी धरायच्या आत वाळकी फुलं खुडा. माळावर टाकू नका. उघडा माळ रिकामा नसतो. पावसाळ्यानंतरचे दोनतीन महिने तिथे गुडघ्याच्या खाली वाढणारी बारकी फुलं असतात, त्यांना तेवढाच ऊन मिळायचा काळ. त्यांच्या डोक्यावर कमरेएवढा कॉसमॉस उभा राहिला की ती सावलीत जातात. फुलपाखरू येतं ते मध प्यायला. त्याच्या अळीला पानं खायला वेगळी झाडं लागतात, ती बहुतेक वेळा हीच बारकी, कुणी फोटो न काढणारी.

गच्चीवाली | बुधवार, संध्याकाळी ६:१५
मी गेली दोन वर्षं उरलेलं बी मागच्या मोकळ्या जागेत भिरकावत होते. छान दिसतं म्हणून.

कुर्डू | बुधवार, संध्याकाळी ६:२०
ताई, मीही एकेकाळी हेच केलंय. बी यायच्या आत उपटता येतात, मूळ खोल नसतं, ओल्या मातीतून सहज निघतं.

काडीपैलवान | बुधवार, संध्याकाळी ६:३२
पण रस्त्याच्या कडेला काय बिघडतं? तिथे कुठली दुर्मीळ फुलं आहेत?

ओसाडी | बुधवार, संध्याकाळी ७:००
कड कधी संपते आणि माळ कधी सुरू होतो हे बीला कळत नाही ना. पण तुमच्याशी निम्मी सहमत आहे. भर वस्तीतल्या दुभाजकावर असेल तर माझी तक्रार नाही. रस्ता डोंगरावर, पठारावर जात असेल तर आहे. कुर्डू याहून कडक आहेत, त्यांच्याशी माझं यावर कधीच जमलेलं नाही.

कुर्डू | बुधवार, संध्याकाळी ७:०४
जमणारही नाही.

सावलीतला | बुधवार, रात्री ८:४०
एक शंका. निरीक्षण आयनॅचरलिस्टवर (निसर्गातली निरीक्षणं नोंदवायची साइट) टाकायचं तर हे ‘रानटी’ म्हणायचं की ‘लावलेलं’?

कुर्डू | बुधवार, रात्री ९:०५
माणसाने त्या जागी लावलं असेल तर लावलेलं. लावलेल्याच्या बीतून आपोआप उगवलं असेल तर रानटी, मूळ देश कुठलाही असो. पाऊलखूण, तुमची कड दुसऱ्या प्रकारची वाटते. बी पट्टीसकट कागदावर ठेवून काढलेला फोटो जरूर टाका. फुलाच्या तोंडाचे फोटो तिथे ढिगाने आहेत, पाठीचे आणि बीचे मोजके.

पाऊलखूण | पुढच्या आठवड्यातला शुक्रवार, रात्री १०:००
फोटो टाकला. एकाने दुजोरा दिला, एकाने ‘बी छान’ एवढंच लिहिलं.

आता दुसरी गंमत. त्या मंगळवारी अर्धी कुसळं फेकली म्हणालो होतो, ती गाडी लावतो तिथे, फरशीच्या फटीत पडली असणार. मधे दोन दिवस पाऊस झाला. आज त्या फटीत पाच रोपं दिसली. लांबट, चिंचोळी बीजपत्रं आणि त्यांच्यावर पहिली दोन फाटलेली पानं.

मुलीने आधी वाकून बघितलं आणि मग मला सांगितलं, “बाबा, समोरासमोर आहेत.” चार उपटली. पाचव्याला तिने कुंडी मागितली आहे.

गच्चीवाली | शुक्रवार, रात्री १०:०७
वाळकी फुलं खुडायला शिकवा तिला.